औषधांविषयी वाचकांचे प्रश्न : गोळ्या मुदतीआधी संपल्या तर?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांना अल्प्राझोलामची ०.२५ मिलिग्रॅमची एक गोळी रोज रात्री, अशा महिन्याच्या ३० गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या एकविसाव्या दिवशीच संपल्या. ज्या मेडिकलमधून आम्ही बारा वर्षे औषधे घेतो, तेथील फार्मासिस्टने जुन्या चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या देण्यास नकार दिला आणि चार गिऱ्हाइकांसमोर ‘इतक्या लवकर कशा संपल्या?’ असे मोठ्याने विचारले. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र तेच दुकान चिठ्ठी न पाहता देते. हा नकार कायद्याला धरून आहे काय? आता आम्ही काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नकार कायद्याला धरून आहे, तो चारचौघांत मोठ्या आवाजात द्यायला नको होता, ही आपली तक्रारही रास्त आहे.

अल्प्राझोलाम हे ‘शेड्यूल एच-१’मधील, म्हणजे विक्रीवर अधिक कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतील औषध आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार असे औषध विकताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या स्वतंत्र नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे तपासणीसाठी जपून ठेवावी लागते. त्याहून महत्त्वाचा आहे तो औषध नियमावलीतील नियम ६५ : चिठ्ठीवर पुन्हा औषध देण्याविषयी डॉक्टरांनी काही लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते. म्हणजे ३० गोळ्या दिल्या त्याच दिवशी आपली चिठ्ठी संपली. आपण एकविसाव्या दिवसाऐवजी एकतिसाव्या दिवशी गेला असतात, तरी नवी चिठ्ठी लागलीच असती. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांनाही चिठ्ठी लागतेच. तेथे दुकान ढिलाई करते, म्हणून येथला नियम आपल्याला अडवणूक वाटला.

कायद्याचा भाग एवढाच. मला अधिक काळजी वाटते ती त्या नऊ गोळ्यांची. वृद्ध माणसाच्या बाबतीत असा हिशेब चुकण्यामागे व्यसनच असते असे मुळीच नाही. रात्री दोनला जाग आली की आणखी एक गोळी घेतली जाते. घेतली की नाही हे न आठवल्याने पुन्हा घेतली जाते. शेजारच्या काकूंनाही ‘झोपेची एक’ दिली जाते. काही वेळा मात्र रोज घेऊन घेऊन एका गोळीने झोप येईनाशी झालेली असते आणि घरात कोणाच्या ते लक्षात आलेले नसते. तेव्हा सासूबाईंना जाब न विचारता, बोलता बोलता चौकशी करावी. घरातील सगळ्या पट्ट्या एकदा टेबलावर मांडून त्यांवरील घटकांची नावेही वाचावीत, कारण अल्प्राझोलाम वेगवेगळ्या ब्रँडनावांनी आणि इतर औषधांबरोबर मिसळूनही विकले जाते. दोन डॉक्टरांकडून दोन नावांनी तेच औषध घरात आलेले असू शकते. या वयात जास्तीच्या गोळीने रात्री तोल जाणे, पडून हाड मोडणे, सकाळी गोंधळल्यासारखे होणे, हे धोके खरे आहेत.

मात्र गोळ्या संपल्या म्हणून त्या एकाएकी बंद होऊ देऊ नका. रोज घेतली जाणारी ही गोळी अचानक थांबली तर झोप पार उडते, अस्वस्थता आणि हातांना कंप येतो, क्वचित झटकेही येतात. आजच डॉक्टरांकडे जा. ते गावाला गेले असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे किंवा सरकारी रुग्णालयात जुनी चिठ्ठी आणि रिकाम्या पट्ट्या घेऊन जा आणि ‘३० गोळ्या २१ दिवसांत संपल्या’ हे न लपवता सांगा. मात्रा तीच ठेवायची, हळूहळू उतरवायची की औषधच बदलायचे, हे त्यावरच ठरते. डॉक्टरांनी फोनवर ‘द्या’ म्हटल्याने भागत नाही. चिठ्ठी लेखी, सही आणि तारखेसह हवी. २०२० च्या दूरवैद्यक (फोन किंवा व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांनी तर अंमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यातील औषधे दूरवरून लिहून देण्यास मनाईच केली आहे आणि अल्प्राझोलाम त्या कायद्याच्या यादीत आहे.

प्रश्न : मी एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. झोपेच्या गोळ्या मुदतीआधी संपल्या म्हणून कोणी जुनी चिठ्ठी घेऊन आले, की मालक म्हणतात, ‘जुने गिऱ्हाईक आहे, अर्धी पट्टी देऊन टाक.’ मी काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अर्धी पट्टी हीसुद्धा विनाचिठ्ठी विक्रीच. तिची नोंद वहीत कोणत्या डॉक्टरांच्या नावावर करणार, हे मालकांना शांतपणे विचारून पाहावे. दुकानाचा परवाना त्यांचा असला, तरी फार्मासिस्ट म्हणून नोंदणी आपली आहे.

नकारावर थांबू नये, हेही तितकेच खरे. गिऱ्हाइकाला काउंटरच्या कडेला घेऊन ‘काकू, गोळी दिवसातून किती वेळा घेता?’ एवढेच विचारावे, ‘का संपल्या?’ या शब्दांत आरोप ऐकू येतो. गणपतीला कोकणात जायचे म्हणून आधीच गोळ्या हव्या असतील, तर डॉक्टरांकडून तसे लिहून आणायला सांगावे. चिठ्ठीतील १० चा आकडा ३० झाल्यासारखा दिसला, तर डॉक्टरांना फोन करावा, पण चिठ्ठीवर छापलेल्या क्रमांकावर नव्हे, स्वतः शोधलेल्या क्रमांकावर. चिठ्ठी खरी असेल, तर गोळ्या किती दिवसांत संपल्या हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आणि औषध दिल्यावर डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख लिहायला संध्याकाळच्या गर्दीतही विसरू नये. आपली नोंदवही पलीकडच्या दुकानाला दिसत नाही. तेथल्या फार्मासिस्टला त्याच चिठ्ठीवर दिसेल तो आपला शिक्काच.