शाळेत जायचं नाही म्हणतो, पण का ते सांगता येत नाही

'मुलगा 11 वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक), मोजके शब्द बोलतो. चार वर्षं विशेष शाळेत आवडीने जात होता. गेल्या दीड महिन्यापासून सकाळी बूट समोर आणले की जमिनीवर अंग टाकतो, हात चावून घेतो. शाळा म्हणते हट्ट आहे, रोज पाठवत राहा. घरचे म्हणतात शाळाच बदलू. माझ्या मनात मात्र एकच येतं, तिथे त्याला कोणी काही केलं असेल का? विचारलं तर तो माझेच शब्द मला परत ऐकवतो. पाठवू की नको?'

विशेष शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आया हा प्रश्न आमच्याकडे वारंवार घेऊन येतात. पुढची हकिगत कुणा एका मुलाची नाही. अशा बऱ्याच घरांचे अनुभव एकत्र करून आणि ओळखीच्या खुणा बदलून ती मांडली आहे.

आईला सगळ्यात आधी एकच सांगितलं, रात्री झोपवताना चाललेली चौकशी आजपासून बंद. 'तुला कोणी मारलं का? बाईंनी मारलं? काकांनी मारलं?' असं विचारल्यावर हे मूल कधी 'हो' म्हणे, कधी 'काकांनी मारलं' असा शेवटचा तुकडा उचलून म्हणे. ऐकलेलं परत म्हणण्याची सवय असलेल्या मुलाचं असं उत्तर पुरावाही नसतं आणि खोटंही नसतं. 'तू मुलगी आहेस का?' या प्रश्नालाही तो 'हो' म्हणाला, तेव्हा आईच्या ते लक्षात आलं. शिवाय तेच तेच विचारल्याने मुलाच्या आठवणीत आपले शब्द मिसळतात, आणि पुढे खरोखर तक्रार करायची वेळ आली तर त्याचं म्हणणं कमकुवत ठरतं. मूल आपणहून काही म्हणालं किंवा हातवारे करून दाखवू लागलं तर शांतपणे 'अजून सांग' एवढंच म्हणायचं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. त्याने जे जसं म्हटलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख आणि वेळेसह लिहून ठेवायचं.

मग शाळेकडून तीन महिन्यांची हजेरी मागवली. हजेरीपटावर गैरहजेरीपुढे सगळीकडे 'आजारी' एवढाच शेरा होता. विशेष शाळांच्या हजेरीची मोठी अडचण इथेच आहे. फिट येऊन गेल्यावरची विश्रांती, थेरपीची वेळ, बस न येणं, सकाळी मुलाने घातलेला गोंधळ, 'आज सांभाळणं अवघड जातंय, घेऊन जा' असा शाळेचाच फोन, हे सगळं त्या एका शब्दाखाली जातं. मग गैरहजेरीतून काहीच कळत नाही. लवकर घरी पाठवलेला दिवस तर अनेकदा 'हजर' म्हणूनच लिहिलेला असतो.

आईने घरच्या भिंतीवरची दिनदर्शिका घेतली आणि प्रत्येक सकाळ रंगवली. सहज गेला तर हिरवा, रडत गेला तर पिवळा, गेलाच नाही तर लाल. लाल-पिवळे चौकोन बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी पडले होते. शाळेचं वेळापत्रक शेजारी ठेवलं, तर त्या दोन दिवशी वर्गात वेगळं काहीच नव्हतं. शिक्षिका त्याच, डबा खायची जागा तीच, स्वच्छतागृहात नेणाऱ्या मावशीही त्याच.

यापुढची नोंद तीन रकान्यांत ठेवायला सांगितली: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. 'खूप रडला, त्रास दिला' असल्या वाक्यांचा काही उपयोग होत नाही. '7:40, बूट दाखवले, खाली बसला. 7:55, बसचा हॉर्न, उजवं मनगट चावलं. 8:05, बस गेली, दोन मिनिटांत शांत' ही नोंद कामाची. एका शुक्रवारी वडिलांनी त्याला स्कूटरवरून शाळेत सोडलं, आणि त्या दिवशीच्या नोंदीने चित्र बदललं. बूट त्याने स्वतः घातले आणि फाटकातून चालत आत गेला. त्याला शाळा नकोशी नव्हती, शाळेपर्यंतच्या प्रवासात काहीतरी होतं.

दुसरी गोष्ट अंघोळीच्या वेळी दिसली. मंगळवारी संध्याकाळी दोन्ही मनगटांवर, हाडाच्या थोडं वर, बोटभर रुंदीचा लालसर पट्टा होता, दोन्हीकडे सारखाच. हात चावल्यावर दातांचे अर्धवर्तुळाकार, तुटक ठसे उठतात आणि तेही बहुधा एकाच हातावर. हा पट्टा सलग होता. अशी खूण दिसली की शरीराची साधी बाह्यरेषा कागदावर काढून खुणेची जागा दाखवायची, लांबी-रुंदी, रंग, कोणी कधी पाहिली ते लिहायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. 'कशामुळे झाली असेल' हा आपला तर्क त्या कागदावर लिहायचा नाही. शाळेतल्या कोणाला खूण दिसली तर नोंद अशीच, फक्त तपासण्यासाठी कपडे वर करायचे नाहीत आणि स्वतःच्या फोनवर फोटो काढायचे नाहीत.

मुलाशी बोलायचं काम त्याच्या विशेष शिक्षिकेने केलं, कारण त्याची संवादाची रीत तिला ठाऊक होती. तिने दिवसाचे फोटो क्रमाने मांडले: घर, बस, फाटक, वर्ग, डब्याची जागा, स्वच्छतागृह, मैदान, परतीची बस. समोर दोन जागा ठेवल्या, 'आवडतं' आणि 'नको'. सुरुवातीला ज्यांची उत्तरं माहीत होती असे फोटो दिले, म्हणजे तो समजून ठेवतोय की उगीच, हे कळावं. झोका 'आवडतं'कडे गेला, केस कापण्याचा फोटो 'नको'कडे. बसचा फोटो त्याने 'नको'वर पालथा ठेवला आणि एका मनगटावर दुसरं मनगट दाबून धरलं. शिक्षिका तिथेच थांबली. 'कोणी बांधलं?' हा प्रश्न तिने विचारला नाही. आमच्या मते तिने केलेल्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा होता. शाळेला कळवण्याएवढं समोर आलेलं होतं, आणि त्यापुढचं विचारणं चौकशी करणाऱ्यांचं काम आहे. तिने वेळ, मांडलेले फोटो, त्याची कृती लिहून सही केली आणि त्याच दिवशी तो कागद मुख्याध्यापिकेच्या हातात दिला.

बसच्या नोंदीतून उलगडा झाला. बसमधल्या नेहमीच्या मदतनीस मावशी मंगळवारी आणि शुक्रवारी दुसऱ्या मार्गावर जात. त्यांच्या जागी येणारी बदली मदतनीस, मुलगा जागेवरून उठतो म्हणून, त्याचे हात ओढणीने पुढच्या दांडीला बांधत होती. तिला या मुलाबद्दल कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याच बसमधल्या आणखी एका मुलालाही असंच बांधलं गेलं होतं.

'तिचा हेतू वाईट नव्हता, समज देऊन मिटवू' हा सूर अशा वेळी हमखास निघतो. इथे शाळेने तसं केलं नाही. त्या मदतनिसाला त्याच दिवशी मुलांच्या कामावरून बाजूला केलं, दोन्ही घरांना बोलावून सांगितलं, आणि पोलीस व बालकल्याण समितीला लेखी कळवलं. सांभाळायला दिलेल्या मुलाला क्रूरपणे वागवणं हा बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 75 खाली गुन्हा आहे. प्रकार त्यात बसतो की नाही हे यंत्रणेने ठरवायचं, शाळेने नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पर्यायच उरत नाही. पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. आधी अंतर्गत चौकशी करू, खात्री पटली की कळवू, हा क्रम चुकीचा आहे. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. बोलू न शकणाऱ्या मुलाचा जबाब कसा घेणार, या भीतीने कित्येक पालक मागे फिरतात. कलम 26 मध्ये त्यासाठी विशेष शिक्षकाची किंवा मुलाची संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे. जबाब घरी किंवा मुलाला जिथे बरं वाटतं तिथे घेता येतो, आणि पोलीस गणवेशात नसावेत असंही कायदा सांगतो. काय करावं सुचत नसेल तर चाइल्ड हेल्पलाइनच्या 1098 या क्रमांकावर विचारता येतं.

आता आईचा मूळ प्रश्न, उलगडा होईपर्यंत पाठवायचं की नाही. गुप्तांगाजवळ दुखणं, रक्तस्राव, फाटलेले किंवा डाग पडलेले अंतर्वस्त्र, अचानक सुरू झालेलं लैंगिक स्वरूपाचं वागणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर आणि पोलीस. तोवर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत वेगळे ठेवा आणि मुलाला शाळेत पाठवू नका. असं काही नसेल तर शाळा पूर्ण तोडू नका, अटी बदला. पालकाने स्वतः सोडावं, वेळ कमी करावा, विश्वासातलं एक माणूस ठरवून घ्यावं. घरी राहिलेल्या प्रत्येक दिवशी मुलाला सुटका मिळते आणि पुढची सकाळ आणखी जड जाते. उलट कारण न शोधता उचलून बसमध्ये घालत राहिलो, तर मूल इतकंच शिकतं की आपण दिलेला नकार कोणी ऐकत नाही.

बसमध्ये परतायला या मुलाला पाच आठवडे लागले. आधी शाळेच्या आवारात उभ्या बसमध्ये आईसोबत पाच मिनिटं, इंजिन बंद. मग इंजिन सुरू. मग आवाराला एक फेरी. मग शेवटच्या थांब्यापासून शाळेपर्यंत, नेहमीच्या मावशी शेजारी. प्रत्येक टप्पा रडू सुरू होण्याआधी, ठरलेल्या वेळेला संपवायचा. रडल्यावर उतरवलं तर रडणं हाच उतरण्याचा मार्ग ठरतो. तिसऱ्या आठवड्यात बस वीस मिनिटं उशिरा आली आणि त्याने काचेवर डोकं आपटलं. तेव्हा एकच टप्पा मागे घेतला, पहिल्यापासून सुरुवात केली नाही. संवादाच्या तक्त्यावर 'थांब', 'नको', 'दुखतंय', शरीराच्या सगळ्या भागांची चित्रं आणि बसमधल्या मोठ्या माणसांचे फोटो आले. पुष्कळ तक्त्यांवर खाऊ, पाणी, शू एवढंच असतं. गुप्तांगाचं चित्रच नसेल तर तिथे दुखतंय हे मुलाने सांगायचं कशाने?

बसचे नियमही लेखी झाले. चालकाशिवाय किमान एक प्रशिक्षित मदतनीस, बदली माणूस येणार असेल तर आदल्या दिवशी पालकांना फोटोसह निरोप, प्रत्येक मुलाचं एक पानी माहितीपत्रक, चढताना-उतरताना वेळेसह सही, आणि शेवटी मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन आत कोणी झोपलेलं राहिलं नाही ना हे पाहणं. सुरक्षापट्टा थेरपिस्टच्या लेखी सल्ल्याने आणि पालकांच्या संमतीनेच, तोही बसण्याला आधार म्हणून. कापडाने किंवा दोरीने बांधणं कधीच नाही.

प्रत्येक वेळी कारण असंच निघेल असं नाही. फिटच्या औषधाचा डोस वाढला की सकाळी गुंगी राहते. बद्धकोष्ठता, दातदुखी, कानदुखी सांगता येत नसल्याने ती वागण्यातूनच बाहेर पडते. मुलींमध्ये पाळीच्या तारखा दिनदर्शिकेवर जरूर लिहाव्यात. वागण्यातला प्रत्येक बदल 'त्याच्या आजाराचाच भाग' म्हणून सोडून देणं घातक आहे. दुखणंही त्यातच लपतं आणि अत्याचारही.

शाळांनी एक लक्षात ठेवावं, धोका घरातही असू शकतो. म्हणून न कळवता गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी पहिल्याच दिवशी, पहिल्या तासात फोन जायला हवा. दोन दिवस फोन लागला नाही किंवा उत्तरं बदलत राहिली तर घरी जाऊन मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. 'झोपलंय' एवढं ऐकून दारातून परतू नये.

राहिला घरच्यांचा प्रश्न, शाळा बदलायची का. या घराने बदलली नाही, कारण शाळेने लपवलं नाही. तुमच्या शाळेत नोंदी दाखवायला नकार मिळत असेल, लेखी तक्रारीची पोच मिळत नसेल, किंवा तक्रारीनंतर मुलालाच 'काही दिवस घरी ठेवा' असं सांगितलं जात असेल, तर जरूर बदला. त्याआधी दिनदर्शिका, तीन रकान्यांची वही आणि डॉक्टरांचे कागद यांच्या प्रती काढून ठेवा. शाळा बदलली तरी तक्रार मागे घेऊ नका. त्या बसमध्ये बाकीची मुलं अजून बसतात.