वाचकांचे प्रश्न : उरुग्वेचे होसे मुहिका

प्रश्न : उरुग्वेचे माजी अध्यक्ष मुहिका पगाराचा नव्वद टक्के भाग देऊन टाकत असे वाचले. मग घर कशावर चालायचे? की नुसता देखावा?
— वाचक, देवगड

उत्तर : देखावा नव्हता. माँतेव्हिदेओ या राजधानीच्या वेशीवर, रिंकोन देल सेर्रो भागात, पत्र्याच्या छपराच्या घरात ते आणि पत्नी लुसिया तोपोलान्स्की आधीपासून राहत होते. २०१० मध्ये अध्यक्ष झाल्यावरही त्यांनी सरकारी निवासस्थान घेतले नाही. शेतात शेवंती लावून फुले विकायची, हा दोघांचा जुना धंदा. पत्नी स्वतः सिनेटर, त्यांचा पगार वेगळा. मुहिकांचा पगार महिना सुमारे १२,००० डॉलर. त्यातला बराच पैसा पक्षाकडे आणि ‘प्लान हुंतोस’ या गरिबांच्या घरबांधणी योजनेकडे जाई. २०१० च्या मालमत्ता विवरणात त्यांच्या नावावर जेमतेम १,८०० डॉलर दिसतात, ती १९८७ च्या बीटल गाडीची किंमत. त्यांच्यावरचे बहुतेक लेख या गाडीपाशीच थांबतात, याचे वाईट वाटते.

प्रश्न : बंदूक हाती घेतलेला माणूस कृषिमंत्री कसा झाला, आणि शेतकऱ्यांसाठी त्याने नेमके काय केले? आमच्याकडे दोन गाई आहेत म्हणून विचारतो.
— वाचक, गुहागर

उत्तर : मुहिका तुपामारो या सशस्त्र गटात होते. १९७० मध्ये पोलिसांच्या ६ गोळ्या लागूनही वाचले. सप्टेंबर १९७१ मध्ये पुंता कार्रेतास तुरुंगातून भुयार खणून १११ कैदी पळाले, त्यांत तेही होते. १९७२ मध्ये पुन्हा सापडले ते १९८५ च्या सर्वमाफीतच सुटले. मधली बरीच वर्षे लष्करी छावण्यांत एकांतात गेली. सुटल्यावर त्यांच्या गटाने शस्त्रे सोडून निवडणुकीचा रस्ता धरला. मुहिका आधी खासदार, मग सिनेटर आणि २००५ मध्ये कृषिमंत्री झाले.

तुमच्या गाईंच्या कानाला १२ आकडी पिवळा बिल्ला असेलच. उरुग्वेत हीच गोष्ट कायद्याने सक्तीची झाली ती २००६ मध्ये, मुहिका मंत्री असताना. कारण साधे होते. २००१ मध्ये लाळ्या खुरकुताची साथ आली, मांसाची निर्यात ठप्प झाली आणि देशाचे पोटच निर्यातीवर. तिथे माणसे सुमारे ३५ लाख, तर गुरे १ कोटीच्या वर.

प्रत्येक वासराला दोन बिल्ले लागतात : एक डोळ्यांनी वाचायचा, दुसरा चिपचा. वासरू ६ महिन्यांचे होण्याआधी, किंवा त्याआधीच विकायचे असेल तर गोठा सोडण्यापूर्वी, ते लावावे लागतात. बिल्ले सरकार पुरवते. कुंपणाच्या तारेत अडकून बिल्ला तुटतो, हे तिथेही होतेच. म्हणून दोन, एक गेला तरी दुसऱ्यावरून ओळख राहते. जनावर विकले की चिप वाचून नोंद बदलावी लागते. ही नोंद राहिली तर बिल्ला असून नसल्यासारखा, कारण साथ आली की जनावर कुठून कुठे गेले हे शोधता आले पाहिजे. आपल्याकडेही गाय विकताना पशुवैद्यकीय दवाखान्यात मालकाचे नाव बदलून घ्यावे.

प्रश्न : इतके लोकप्रिय, तरी दुसऱ्यांदा उभे का राहिले नाहीत? आणि चुकले काहीच नाही का?
— वाचक, मालवण

उत्तर : तिथल्या राज्यघटनेत सलग दुसरी मुदत नाही; मध्ये एक मुदत सोडावी लागते. २०१५ मध्ये ते पायउतार झाले आणि सिनेटमध्ये बसले.

चुकले तर. शिक्षणात बदल करण्याचा शब्द त्यांनी दिला होता, तो पुरा झाला नाही. प्लुना ही विमान कंपनी जुलै २०१२ मध्ये बंद पडली. तिची विमाने लिलावात काढली, तेव्हा बोली लावणाऱ्या एकमेव कंपनीमागे सरकारी बँकेची हमी होती. कंपनीने पैसे भरलेच नाहीत. त्या हमीच्या प्रकरणात डिसेंबर २०१३ मध्ये अर्थमंत्री फेर्नांदो लोरेन्सो यांना राजीनामा द्यावा लागला.