दोन मजल्यांत धाप लागते, त्याचं काय?

प्रश्न: मिस्टर ५१ वर्षांचे. ऑफिसच्या तपासणीत बीपी १५६/९८ निघालं, तरी डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. "रोज तळजाईची टेकडी चढतो, मला काय धाड भरलीय?" म्हणतात. त्यांना कसं समजावू? माझं तसं ठीक आहे. वर्षभर पाळीत अंगावरून फार जातं, दोन मजले चढले की धाप लागते, पण पंचेचाळिशीत हे चालायचंच. – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर: ताई, अख्खं पत्र मिस्टरांचं आणि तुमचं दुखणं शेवटच्या ओळीत, तेही 'ठीक आहे' म्हणून! त्यांना काही जाणवत नाही, म्हणून ते ठणठणीत. तुम्हाला जाणवतंय, पण 'बायकांचं असतंच', म्हणून तुम्हीही ठणठणीत. अजब न्याय आहे.

पाळीत असं फार रक्त गेलं की हिमोग्लोबिन उतरतं, आणि धाप त्यामुळेही लागते. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना तो निघाला, पुरुषांत २५ टक्क्यांना. शेजारीपाजारी सगळ्याच दमलेल्या, मग आजार वाटणार कुणाला? दुपारी जरा आडवं व्हावंसं वाटलं तर आपण त्याला आळस म्हणतो आणि डाळ भिजत घालायला उठतो.

मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून भागवू नका. रक्त का जातंय ते कळायला हवं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ असेल, थायरॉइड असेल. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. 'जरा जास्त जातं' असं मोघम सांगू नका. पॅड तासा-दोन तासांनी बदलावं लागतं का, रक्ताच्या गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का, सगळं सांगा. धापेचंही आवर्जून सांगा, कारण ती हृदयामुळेही लागू शकते.

आता मिस्टर. वाढलेलं बीपी बहुतेकदा जाणवतच नाही, त्यामुळे टेकडीचा दाखला इथे चालत नाही. वाद घालू नका, बीपीचं डिजिटल मशीन आणा. सकाळी चहा आणि टेकडीच्या आधी पाच मिनिटं शांत बसवून मोजा, आठवडाभर त्यांनाच वहीत लिहू द्या. बायकोचं न ऐकणारा पुणेकर स्वतःच्या अक्षरातल्या आकड्यांना सहसा खोटं पाडत नाही. सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर वही घेऊन डॉक्टरकडे.

अपॉइंटमेंट मात्र आधी तुमची घ्या. मधल्या काळात बसल्याजागी धाप लागली, छातीवर दाब आला किंवा भोवळ आली, तर त्या तारखेची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.