टॉस जिंकलास तर डिफर कर

मित्रा, अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये टॉस जिंकल्यावर माझं मत बहुतेक वेळा ‘डिफर’लाच. म्हणजे आधी बॉल घ्यायचा की नाही, या निवडीचा हक्क दुसऱ्या हाफसाठी राखून ठेवायचा. खरा फायदा मध्यंतराच्या आसपास दिसतो. पहिल्या हाफच्या शेवटी गुण काढलेस आणि तिसऱ्या क्वार्टरला, म्हणजे दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला, बॉल पुन्हा तुझ्याकडेच आला, तर समोरचा ऑफेन्स (बॉल घेऊन चढाई करणारा गट) जवळपास मैदानात न येताच तू दोनदा गुण घेऊ शकतोस. शिवाय समोरच्याने बॉल घेतला की मैदानाची बाजू तू निवडतोस. वारा जोराचा असेल तर हे फार मोलाचं.

फक्त कर्णधाराला आधीच बजावून ठेव, रेफरीसमोर ‘आम्ही किक करतो’ असं म्हणायचं नाही! किक करून बॉल समोरच्याला देणं हीच त्याची निवड धरली जाते, हक्क राखून ठेवणं नाही, आणि दोन्ही हाफमध्ये पहिला बॉल प्रतिस्पर्ध्याला मिळू शकतो.

तुझा डिफेन्स (बचाव करणारा गट) कच्चा आणि ऑफेन्स तुफान असेल, तर मात्र खुशाल आधी बॉल घे.