भंगारातला डिमरस्टॅट कसा बसवू?

प्रश्न: नमस्कार सर, माझं हॅम रेडिओचं जनरल ग्रेड लायसन आहे, ८१३ व्हॉल्व्हची जोडी लावून लिनिअर (सिग्नलची ताकद वाढवणारा अँप्लिफायर) बांधतोय. भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या प्लेटिंग कारखान्यातला थ्री फेज डिमरस्टॅट (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) मिळाला, २८ अँपिअरचे तीन, एकावर एक, एकाच शाफ्टवर. तिन्ही पॅरलल करून वापरता येतील का? आणि कॅबिनेटमध्ये बसवायचा कसा? – एक वाचक, सांगली

उत्तर: अहो, माल झकास मिळालाय, पण एवढा लागणार कुठे? आपल्याकडे जनरल ग्रेडला मर्यादा ४०० वॅटची, प्लेटला (व्हॉल्व्हच्या मुख्य सप्लायला) सढळ हाताने धरा सातशे वॅट, २३० व्होल्टवर फार तर चार-पाच अँपिअर. तुमचा एकच नग २७० व्होल्टला साडेसात केव्हीएच्या वर जातो. पॅरललच्या नादी लागू नका, तिन्ही ब्रश (वेढ्यांवरून सरकणारे कार्बनचे तुकडे) तंतोतंत एकाच वेढ्यावर कधीच बसत नाहीत, मग नग आपापसातच करंट फिरवत बसतात, तो अडवायला वेगळा चोक (कॉइल) लागतो. एकच सोडवून घ्या.

आता बसवायचं. बहुतेक जण बेस मागच्या चॅनलला बोल्ट करतात आणि शाफ्ट समोरच्या पत्र्याच्या पॅनलमधून बाहेर काढतात, दिसायला छान दिसतं. मीपण तेच केलं होतं. नॉब शून्यावर, लोड काहीच नाही, तरी घूं घूं आवाज, आणि पाच मिनिटांत पॅनलच्या बुशभोवतीचा रंग करपायला लागला. झालं असं की शाफ्ट कोअरच्या (तार गुंडाळलेल्या लोखंडी कड्याच्या) मधल्या भोकातून जातो, त्याची दोन्ही टोकं धातूच्या पेटीला टेकली की शाफ्ट आणि पेटी मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो. व्होल्टेज एखादाच व्होल्ट, पण वाट एवढी जाड की करंट धो धो. म्हणून बेस खालच्या जाड पत्र्यावर घट्ट बसवा, वजन पॅनलवर अजिबात नको, आणि शाफ्टला पुढे बॅकेलाइटचा दांडा जोडून नॉब त्यावर लावा. मधल्या भोकातून जाणाऱ्या प्रत्येक बोल्टला हाच नियम.

वायरिंगमध्ये कॉमन टर्मिनल (इनपुट आणि आउटपुट दोन्हींना सामाईक असलेलं टोक) न्यूट्रललाच, टेस्टर लावून बघा, आपल्या घरांत सॉकेट उलटे असणं काही नवीन नाही. उलटं झालं तर नॉब शून्यावर असूनही आउटपुट पूर्ण जिवंत असतं, कारण हा ऑटोट्रान्सफॉर्मर, इनपुट-आउटपुटला एकच गुंडाळी, आयसोलेशन शून्य. फ्यूज ब्रशच्या बाजूलाही हवाच. समजा २० व्होल्टवर ६० अँपिअर ओढले गेले, तर मेन्सला जेमतेम पाच-सहा दिसतात, एमसीबी ढिम्म हलत नाही आणि ब्रश जळून जातो. ८१३ चं फिलामेंट याच्यावर घेऊ नका, प्रत्येक व्हॉल्व्हला १० व्होल्ट ५ अँपिअर लागतात, म्हणून जोडीला १० व्होल्ट १० अँपिअरचा वेगळा ट्रान्सफॉर्मर, थेट मेन्सवर.

आणि चालू करण्याआधी ब्रश काढून बघा. प्लेटिंगच्या कारखान्यातला म्हणजे ट्रॅक (ब्रश सरकतो तो वेढ्यांचा उघडा पट्टा) हिरवट झालेला असणार, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडक्याने पुसा, खरखरीत पॉलिश पेपर मारू नका. ब्रशला टवका गेला असेल तर नवीन घ्या, पण त्याच जाडीचा. जास्त रुंद घातला की एकदम तीन-चार वेढे शॉर्ट करतो आणि तिथेच लाल होतो.