ऑक्सिजनचा चॅप्टर सुरू करतोयस? आधी हे वाच

अरे, पहिल्याच दिवशी रिअ‍ॅक्शन्स पाठ करत बसू नकोस, आधी ऑक्सिजनचा स्वभाव समजून घे. त्याला दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात म्हणून त्याचा ऑक्सिडेशन नंबर (इलेक्ट्रॉन किती घेतले-दिले याचा हिशेब) बहुतेक ठिकाणी -2 असतो, पेरॉक्साइडमध्ये -1, आणि फ्लोरिनपुढे मात्र त्याचं काही चालत नाही, ऑक्सिजन डायफ्लोराइडमध्ये थेट +2.

मग ऑक्साइड. धातूचं बहुधा बेसिक, अधातूचं बहुधा अ‍ॅसिडिक. चुनखडी भाजून केलेली कळी पाण्यात टाकली की सणसणीत तापते ना, ती कॅल्शियम ऑक्साइड, त्या पाण्यात लाल लिटमस निळा होतो. झिंक नि अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड दोन्हीकडून खेळतं, म्हणजे अ‍ॅसिडशीही आणि बेसशीही रिअ‍ॅक्ट होतं, आणि कार्बन मोनॉक्साइड न्यूट्रल, हे पोरं हमखास विसरतात.

एकदा वरळी सी फेसला जा आणि बिल्डिंगच्या खिडक्या नीट बघ, लोखंडी ग्रिल गंजून पोपडे सुटलेले आणि शेजारची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम बऱ्यापैकी शाबूत, आता ऑक्साइड तर दोन्हींवर आहे पण अ‍ॅल्युमिनियमचा थर पातळ आणि घट्ट चिकटलेला, आत हवा जाऊच देत नाही, गंज मात्र भुसभुशीत, त्यात पाणी मुरतं आणि खारी हवा काम अजून फास्ट करते. मला हा धडा खरा इथेच कळला.

घरी करायचं तर केमिस्टकडून 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आण (उजेडात त्याचं विघटन होतं म्हणून बाटली डार्क असते), ग्लासात थोडं ओतून कच्च्या बटाट्याची फोड टाक. फेस येईल, बटाट्यातलं एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. धुमसती उदबत्ती त्या फेसाजवळ धर, कशी लखलखते बघ.