आरव्ही ट्रेलर ओढताना बेदरकार गाड्यांपासून कसं वाचायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रीमाँटहून आय-५ महामार्गाने लॉस एंजेलिसला जायचंय, फोर्ड एफ-१५० पिकअपच्या मागे २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) आहे. आधीच्या छोट्या फेरीत लोक सारखे पुढे घुसत होते, मागून चिकटत होते आणि मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर डोलत होता. काय करावं?

पहिल्या दोन तक्रारींवर उपाय एकच आहे, समोरची मोकळी जागा. तिसरी तक्रार दुसऱ्या ड्रायव्हरची नाहीच. ती तुमच्या वजनाच्या मांडणीची आहे आणि निघण्याआधी घरीच मिटवता येते.

आधी जागेबद्दल. व्यावसायिक ट्रकवाल्यांचा हिशोब सोपा आहे: गाडीच्या दर १० फूट लांबीला एक सेकंद आणि वेग ताशी ४० मैलांच्या वर असेल तर आणखी एक सेकंद. तुमची पिकअप साधारण १९ फूट, ट्रेलर २६, म्हणजे एकूण ४५ च्या आसपास. साडेपाच सेकंद येतात, सहा धरा. पुढची गाडी एखाद्या पुलाच्या सावलीतून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' असं मोजायचं. सहा व्हायच्या आत तुम्ही सावलीत पोचलात तर फार जवळ आहात. पावसात किंवा सेंट्रल व्हॅलीतल्या हिवाळी धुक्यात हे अंतर आणखी वाढवायचं. दाट धुक्यात तर निघायचंच नाही.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे एवढी जागा सोडली तर कुणीतरी घुसणारच, मग किती मागे सरकत राहायचं? घुसणारच. आय-५ व्हॅलीत बराच काळ एका दिशेला दोनच लेनचा आहे. डावी लेन तुंबली की उतावीळ माणूस उजवीकडून पुढे काढतो आणि तुमच्यापुढची मोकळी जागा ही त्याची गल्ली होते. पण आकडे बघा. ताशी ५५ मैलांना सहा सेकंद म्हणजे सुमारे ४८५ फूट. समजा एक जण बरोबर मध्यावर घुसला आणि तो ६५ ने चाललाय. तो दर सेकंदाला साधारण १५ फूट लांब जातोय, म्हणजे सोळा-सतरा सेकंदांत तुमची जागा तुम्हाला परत मिळते. ब्रेकला पाय लावायचीही गरज नाही. तो घुसून तुमच्याच वेगाने रेंगाळला तर अॅक्सिलरेटर किंचित सोडा, ताशी तीन मैलांचा फरक पडू द्या, मिनिटभरात अंतर भरून निघतं. या सगळ्याची किंमत प्रवासात तीन सेकंद. शंभर जण घुसले तरी पाच मिनिटं. चिडून जागा बुजवायला गेलात तर मात्र तो तुमच्या बंपरपासून ४० फुटांवर घुसेल, आणि त्याला पुढे ब्रेक लावावा लागला की तुमच्याकडे काहीही उरत नाही.

मागे चिकटणाऱ्याचंही उत्तर हीच जागा. तो तुमच्या ट्रेलरखाली येणार नाही याची खात्री एकाच गोष्टीने मिळते: तुम्हाला कधीच जोरात ब्रेक मारावा लागू नये. तो जितका जवळ, तितकं तुमच्या समोरचं अंतर जास्त. समोर गर्दी साचताना दिसली की लवकर आणि हळूहळू वेग कमी करा. ब्रेक कंट्रोलरचा (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणाचा) हाताने दाबायचा लिव्हर अगदी हलका दाबला तर बहुतेक गाड्यांत ब्रेकलाइट लागतात आणि वेग फारसा उतरत नाही, मागच्याला सूचना मिळते. त्याला धडा शिकवायला मुद्दाम ब्रेक मारणं हा शुद्ध मूर्खपणा. मागच्या भिंतीत त्याची गाडी शिरली तर ट्रेलर तुमचाच फुटतो.

वेग आणि लेन. कॅलिफोर्नियात काहीही ओढणाऱ्या वाहनाला कमाल मर्यादा ताशी ५५ मैल आहे, बाजूला ७० ची पाटी असली तरी. उजवीकडची लेन धरायची, दुसऱ्याला ओलांडतानाच तिच्या डावीकडच्या लेनमध्ये जायचं. एका दिशेला चार किंवा जास्त लेन असतील आणि पाटीने वेगळं सांगितलं नसेल तर उजवीकडून दुसरी लेनही वापरता येते. लॉस एंजेलिसच्या हद्दीत शिरल्यावर ही दुसरी लेन फार कामाची, कारण रॅम्पवरून अंगावर येणाऱ्यांची कटकट पहिल्या लेनलाच असते. ५५ चा नियम फक्त चलान टाळायला पाळायचा नाही. ट्रेलरच्या टायरवर ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर) लिहिलेलं असतं आणि त्यातल्या अनेकांची रचना ६५ पर्यंतच्या वेगासाठी असते. शिवाय वेग वाढतो तसं डोलणं आपोआप शमायचं प्रमाण कमी होत जातं.

आता डोलण्याबद्दल, कारण खरा धोका इथे आहे. मागून येणारा ट्रक समोरची हवा ढकलत आणतो. ती आधी तुमच्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला बाहेर लोटते, मग ट्रक बाजूने सरकताना आत ओढल्यासारखं होतं. एकच हलका हेलकावा येऊन थांबला तर ठीक. दोन-तीनदा शेपूट हललं तर तुमच्या ट्रेलरचं वजन मागे पडलंय. हिचच्या बॉलवर (पिकअपमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर टेकतो) ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. तो १० च्या खाली गेला की ट्रेलर डोलायला निमित्तच शोधतो. निमित्त ट्रकचं असेल, वाटेतल्या अल्टामाँट घाटातल्या पवनचक्क्यांजवळच्या वाऱ्याचं असेल किंवा कुणी अचानक आडवं आल्यावर तुम्ही दिलेल्या हिसक्याचं.

सगळ्यात जास्त चुका दोन दिसतात: मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड, आणि पाण्याची टाकी एक्सलच्या मागे असताना ती काठोकाठ भरून निघणं. एक गॅलन पाणी ८.३ पौंड, ४० गॅलन म्हणजे ३३० पौंड, तेही नको तिथे. पाणी कॅम्पग्राउंडवर भरा. जड सामान ट्रेलरच्या एक्सलच्या थोडं पुढे ठेवा.

अंदाजावर राहू नका, वजन करा. महामार्गावरच्या मोठ्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केल (ट्रकचा वजनकाटा) असतो. माणसं, सामान, इंधन सगळं भरून दोन वजनं घ्या: एकदा ट्रेलर जोडून, पण वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे स्प्रिंग बार (बॉलवरचा भार पुढच्या चाकांकडेही वाटणारे दांडे) न लावता, आणि दुसऱ्यांदा ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसत्या पिकअपचं. उदाहरणार्थ जोडलेली असताना पिकअपच्या दोन्ही एक्सलवर ६,९०० पौंड, ट्रेलरच्या एक्सलवर ५,२००, आणि नुसती पिकअप ६,१५०. मग बॉलवरचा भार ७५०, ट्रेलरचं एकूण वजन ५,९५०, प्रमाण साडेबारा टक्के. उत्तम. हाच ७५० चा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जी माणसं-सामानाची मर्यादा छापलेली असते, त्यातून वजा होतो. चार माणसं, कूलर, जळणाची लाकडं, शंभरेक पौंडांचा हिच असं सगळं त्यात घालून बघा. एफ-१५० सारखी अर्ध्या टनाची पिकअप ट्रेलर ओढायला कमी पडण्याआधी बहुतेक वेळा इथेच कमी पडते.

स्प्रिंग बार लावल्यावर पुढच्या चाकावरच्या मडगार्डची जमिनीपासून उंची मोजा. ट्रेलर जोडल्यावर पुढचा भाग जितका उचलला गेला, त्यातला किती परत खाली आला पाहिजे ते पिकअपच्या मॅन्युअलमध्ये असतं. पुढची चाकं हलकी राहिली तर नेमकं कुणी आडवं आल्यावर स्टिअरिंग पोकळ लागतं.

रस्त्यावर डोलणं सुरू झालंच तर क्रम असा: स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरच्या मागे लागून डावं-उजवं करू नका. अॅक्सिलरेटर सोडा. पिकअपचा ब्रेक दाबू नका. कंट्रोलरचा लिव्हर हळूहळू दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा, ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो. ‘वेग वाढवला की सरळ होतो’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. मग पुढच्या एक्झिटला उतरून टायरमधली हवा आणि सामानाची मांडणी तपासा.

तो लिव्हर कुठे आहे ते न बघता हाताला सापडला पाहिजे, आणि कंट्रोलरचा गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागतील ती सेटिंग) आधी बसवलेला पाहिजे. रिकाम्या सपाट जागेत ताशी २५ मैलांना फक्त लिव्हर पूर्ण दाबा. ट्रेलरने गाडी ठळकपणे मागे खेचली पाहिजे, पण चाकं जाम होता कामा नयेत. जाम झाली तर गेन कमी करा, काहीच जाणवलं नाही तर वाढवा. ब्रेक थंड असताना कमी पकडतात, म्हणून तीन-चार वेळा दाबून तापल्यावर पुन्हा बघा. ओल्या रस्त्यावर गेन थोडा उतरवा.

टायर: ट्रेलरच्या टायरची हवा सकाळी थंड असताना, बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी. सर्वसाधारणपणे लोड रेंज (टायरची भार पेलायची श्रेणी) सी ला ५० पीएसआय, डी ला ६५, ई ला ८०. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर घेऊन आय-५ वर जाऊ नका. ट्रेलर भाड्याचा असेल तर हे ताब्यात घेतानाच बघायचं.

रॅम्पवरून येणारा शेवटच्या क्षणी घुसतो, कारण त्याला तुमची लांबी कळत नाही. रॅम्प दिसला की पाव मैल आधीच ठरवा, डावीकडे सरकायचं की वेग थोडा उतरवायचा. लेन बदलताना इंडिकेटर पाच सेकंद आधी, आणि पिकअपला लांब दांड्याचे आरसे हवेतच. आठ फूट रुंद ट्रेलरमागे साधे आरसे आंधळे असतात, आणि मागचं २०० फूट दिसलं पाहिजे असा कायदाही आहे. कुणी अगदीच समोर कापलं आणि जागा नसेल तर सरळ रेषेत ब्रेक लावा. स्टिअरिंगला झटका देऊ नका. सरळ धडकेत पत्रा जातो, झटक्याने ट्रेलर उलटतो आणि पिकअपलाही घेऊन जातो.

दोन पदरी रस्त्यावर कुणी तुम्हाला ओलांडायला निघाला तर वेग उतरवा. तुमची लांबी आणि पुढची-मागची जागा धरून त्याला सुमारे २५० फूट जास्त कापायचे असतात. तुम्ही ५५ ला आणि तो ६५ ला, तर तो १७ सेकंद समोरच्या वाहतुकीच्या लेनमध्ये. तुम्ही ४५ वर आलात तर साडेआठ. समोरून कुणी आलं तर तो तुमच्याच अंगावर वळणार आहे, म्हणून हे त्याच्यावर उपकार नाहीत. मागे पाच वाहनं साचली की टर्नआउटला (रस्त्याकडेला त्यासाठीच ठेवलेल्या जागेला) बाजूला होणं कॅलिफोर्नियात सक्तीचंच आहे, आणि मागची माणसं पिसाळायच्या आत झालेलं बरं.

एखादा खरोखर मागे लागला, शिव्या देत शेजारी आला, तर नजर देऊ नका, हॉर्न नको, हातवारे नकोत. शोल्डरवर थांबू नका. शेजारी बसलेल्याने ९११ लावून रस्ता, दिशा आणि शेवटचा दिसलेला एक्झिट सांगायचा. तोपर्यंत वर्दळीच्या पेट्रोल पंपाकडे चालवत राहायचं, कॅम्पग्राउंडकडे नाही. डॅशकॅम असू द्या. कॅलिफोर्नियात तो काचेवर ठरावीक जागीच लावता येतो: ड्रायव्हरपासून लांबच्या खालच्या कोपऱ्यात सात इंच चौकोनात, ड्रायव्हरजवळच्या खालच्या कोपऱ्यात एअरबॅगच्या वाटेत न येता पाच इंच चौकोनात, किंवा वर मधोमध पाच इंच चौकोनात.

परतीच्या वाटेवर उत्तरेकडे येताना तेहोन पास ओलांडला की ग्रेपव्हाइनचा उतार लागतो, सुमारे सहा टक्क्यांचा, पाचेक मैल. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) आणि खालचा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी. समजा ४५ वेग ठरवलात: गाडी ४५ ला पोचली की ठामपणे ब्रेक दाबून तीनेक सेकंदांत ४० वर आणा, पूर्ण सोडा, पुन्हा ४५ झाल्यावर दाबा. पाय सतत ठेवलात तर ब्रेक तापून निकामी होतात. मागचा कितीही दिवे मारो, या पाच मैलांत त्याच्यासाठी वेग वाढवायचा नाही. ब्रेक निकामी होऊन सुटलेल्या ट्रकांसाठीच्या रेताड रॅम्पच्या तोंडाशी तर फोटोसाठीही थांबू नका.

निघताना शेवटची फेरी हिचभोवती मारा. कपलर (बॉलवर बसणारी ट्रेलरची पकड) बंद करून पिन घातली का, साखळ्या ट्रेलरच्या जिभेखाली (पुढच्या दांड्याखाली) एकमेकींवरून फुली करून लावल्या का, सातपिनी वायर पक्की आहे का. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची) तार साखळ्यांना नाही, पिकअपच्या वेगळ्या बिंदूला अडकवायची. ती पिन एकदा ओढून ट्रेलरचे ब्रेक लागतात का हेही बघा. बॅटरी उतरली असेल तर ट्रेलर सुटल्यावर तो स्विच नुसता शोभेचा आहे.